नाडी थांबली, हृदय नाही

एखादा योगी आपले हृदय हवे तेव्हा थांबवतो, अशी गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती खरी की खोटी, हे कसे ठरवायचे?

भिवंडीहून कल्याणला जाऊन पुण्याची गाडी पकडली, की घाट चढल्यावर लोणावळा येते. तेथे १९२४ साली स्वामी कुवलयानंद यांनी कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली. योगाचे परिणाम ऐकीव सांगू नयेत, यंत्राने मोजावेत, असा त्यांचा आग्रह होता. योगक्रियेच्या वेळी पोटात काय घडते, ते त्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने पाहिले आणि 'योगमीमांसा' या नियतकालिकात प्रसिद्ध केले.

पुढे १९५७ साली अमेरिकेतून वेंगर आणि बागची हे संशोधक भारतात आले. दिल्लीचे डॉ. आनंद त्यांच्याबरोबर होते. हृदय थांबवणाऱ्या योग्यांना त्यांनी यंत्र लावले. योग्याने श्वास रोखला, छातीचे व पोटाचे स्नायू आवळले. मनगटावरची नाडी लागेना! पण कागदावर हृदयाची रेघ चालूच होती. छातीतील दाब वाढल्यामुळे हृदयाकडे परतणारे रक्त कमी झाले होते. म्हणून नाडी मंद झाली होती. हा निष्कर्ष १९६१ साली छापला गेला. मला तर हृदय थांबण्यापेक्षा हेच अधिक नवलाचे वाटते.

मग ध्यानाचा उपयोग नाही का? आहे. शांत बसून श्वासाकडे लक्ष दिले, की श्वास संथ होतो आणि शरीराचा ताण उतरतो. २०१४ साली अमेरिकेतील संशोधकांनी ४७ प्रयोग एकत्र तपासले. त्यांत सुमारे ३,५०० माणसे होती. चिंता, उदासी आणि वेदना ध्यानाने थोड्या कमी होतात, असे दिसले. मात्र औषध किंवा व्यायाम यांपेक्षा ध्यान सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही. तेव्हा दादीजान ध्यानाला बसल्या, तरी त्यांची रक्तदाबाची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

तुम्हीही एक मोजणी करून पाहा. अंगठ्याखाली मनगटावर दोन बोटे ठेवा आणि एका मिनिटातील ठोके मोजा. मग डोळे मिटून दहा मिनिटे श्वास मोजत बसा. शेजारी लूमचा खडखडाट असेल तर असू द्या. आपल्या गावात तो कुठे नाही? पुन्हा ठोके मोजा आणि दोन्ही आकडे वहीत लिहा.