वृत्तपत्रीय मथळे आणि इंग्रजी शब्दसंग्रह

मराठी माध्यमातून पदवी घेऊन पदव्युत्तर अभ्यासाकडे वळलेल्या विद्यार्थ्यास इंग्रजी संदर्भग्रंथ वाचणे अपरिहार्य होते आणि तेथेच त्याची शब्दसंपत्ती अपुरी पडते. ‘रोज इंग्रजी वृत्तपत्र वाचावे; निदान मथळे तरी वाचावेत’ असा उपदेश अशा वेळी त्याला सर्वत्र ऐकावयास मिळतो. हा उपदेश निराधार नाही. मथळा आटोपशीर असतो, त्याचा विषय बहुधा परिचित असतो आणि ठरावीक शब्द त्यात पुनःपुन्हा भेटत असल्यामुळे ते स्मरणात टिकतात. तथापि मथळ्यांतून नेमकी कोणती इंग्रजी पदरात पडते, या प्रश्नाचा विचार क्वचितच होतो.

मथळ्याची भाषा म्हणजे सर्वसामान्य इंग्रजीचा केवळ संक्षेप नव्हे. हाइनरिख श्ट्राउमान यांनी १९३५ साली इंग्रजी वृत्तपत्रांच्या मथळ्यांवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला आणि व्याकरणाचे दुवे गाळून शब्दांचे जणू ठोकळे मांडणाऱ्या या भाषेस ‘ब्लॉक लँग्वेज’ ही संज्ञा दिली. या भाषेची घडण प्रथमतः छपाईच्या गरजेतून झाली. स्तंभाची रुंदी ठरलेली आणि टंक मोठा, त्यामुळे अकरा अक्षरांच्या ‘इन्व्हेस्टिगेट’ऐवजी पाच अक्षरांचा ‘प्रोब’ सोयीचा ठरला. संगणकाच्या पडद्यावर ही अडचण तितकी जाणवत नाही. परंतु एकदा रूढ झालेली शब्दयोजना आजही टिकून आहे.

हे आखूड शब्द पुष्कळदा रूपकात्मक असतात. ‘प्रोब’ ही मूळची जखमेची खोली पाहण्याची शस्त्रवैद्याची सळई. मथळ्यात तिचा अर्थ चौकशी. ‘कर्ब’ हा घोड्याच्या लगामाचा भाग. मथळ्यात तो निर्बंध होतो. ‘अ‍ॅक्स’ म्हणजे कुऱ्हाड. ती योजनांवर आणि नोकऱ्यांवर पडते. मराठी वाचकास यात नवल वाटू नये. ‘अनुदानाला कात्री’, ‘भाववाढीला लगाम’ असे मथळे तो नित्य वाचतो. मात्र अर्थशास्त्राच्या प्रबंधात ‘शासनाने अनुदानाला कात्री लावली’ असे वाक्य कोणी लिहीत नाही. तेथे ‘अनुदानात कपात केली’ असेच लिहिले जाते. मातृभाषेत हा विवेक आपोआप होतो. परभाषेत तो शिकावा लागतो आणि केवळ मथळा वाचणाऱ्यास तो शिकण्याची संधीच मिळत नाही. परिणामी निबंधात किंवा मुलाखतीत त्याची इंग्रजी विचित्र वाटते. त्याचा शब्द चुकलेला नसतो, जागा चुकलेली असते.

यापेक्षाही गंभीर बाब शब्दांच्या निवडीची आहे. अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली ‘अकॅडमिक वर्ड लिस्ट’ प्रसिद्ध केली. विविध विद्याशाखांच्या लेखनात वारंवार येणारी ५७० शब्दकुले तीत संकलित असून, त्यांनी अभ्यासिलेल्या विद्याविषयक लेखनातील सुमारे १० टक्के शब्द या कुलांतील होते. ‘इन्व्हेस्टिगेट’, ‘रिस्ट्रिक्ट’, ‘एलिमिनेट’ आणि ‘कॉन्फ्लिक्ट’ हे चारही शब्द या सूचीत आहेत. मथळ्यात त्यांच्या जागी अनुक्रमे ‘प्रोब’, ‘कर्ब’, ‘अ‍ॅक्स’ आणि ‘क्लॅश’ येतात. म्हणजे पदव्युत्तर विद्यार्थ्यास ज्या शब्दांची सर्वाधिक निकड, त्यांपैकी पुष्कळसे शब्द त्यांच्या लांबीमुळेच मथळ्यातून वगळले जातात.

व्याकरणाच्या दृष्टीनेही मथळा फसवा असतो. ‘मिनिस्टर क्विट्स’ या मथळ्यात क्रियापद वर्तमानकाळी आहे, पण राजीनामा देऊन झालेला आहे. ‘मिनिस्टर टु क्विट’ येथे भविष्यकाळ अभिप्रेत आहे. ‘थ्री हेल्ड’ याचा अर्थ ‘तिघांनी धरले’ असा नसून ‘तिघांना अटक झाली’ असा आहे. सहायक क्रियापद गाळल्यामुळे कर्मणी रचना कर्तरीसारखी दिसते. मराठी मथळा अशा वेळी बहुधा क्रियापदच सोडून देतो आणि ‘तिघांना अटक’, ‘मंत्र्यांचा राजीनामा’ असे नाम शिल्लक ठेवतो. तेथे विभक्तिप्रत्यय शाबूत राहत असल्याने कोणी कोणाला धरले याविषयी संदेह उरत नाही. इंग्रजीत तो आधार नाही.

नामांच्या लांबलचक मालिका ही दुसरी अडचण होय. ‘स्क्वॉड हेल्प्स डॉग बाइट व्हिक्टिम’ हा मथळा प्रसिद्ध आहे. ‘कोलंबिया जर्नलिझम रिव्ह्यू’ने १९८० साली काढलेल्या अशा मथळ्यांच्या संग्रहास त्याचेच नाव दिलेले आहे. ‘पथकाने कुत्र्याला माणसास चावण्यास मदत केली’ असाही त्याचा अर्थ होऊ शकतो. ही गाठ सोडविण्याचे साधन मराठी विद्यार्थ्याजवळ शालेय वयापासून असते. ‘डॉग बाइट व्हिक्टिम’ हा सामासिक शब्द मानून शेवटच्या पदापासून विग्रह केला, की श्वानदंशाने पीडित झालेली व्यक्ती, हा अर्थ हाती येतो. तत्पुरुष समासाप्रमाणे येथेही अंतिम पद प्रधान असते.

तेव्हा मथळे वर्ज्य मानावेत काय? मुळीच नाही. मथळा हा प्रश्न समजावा आणि बातमीचा पहिला परिच्छेद हे त्याचे उत्तर समजावे. ‘पॅनेल टु प्रोब ब्रिज कोलॅप्स’ असा एक कल्पित मथळा घेऊ. विद्यार्थ्याने प्रथम त्याचा अर्थ तर्काने लावावा आणि तो पूर्ण वाक्यात लिहावा. त्यानंतर खालच्या मजकुरात ‘प्रोब’ची जागा कोणत्या शब्दाने घेतली आहे, ते शोधावे. तेथे ‘इन्व्हेस्टिगेट’ किंवा ‘इन्क्वायर इंटु’ आढळण्याचा संभव अधिक. वहीत मथळ्यातील शब्द एका बाजूस आणि मजकुरातील शब्द त्याच्या संपूर्ण वाक्यासह दुसऱ्या बाजूस नोंदवावा.

संपूर्ण वाक्याचा आग्रह सकारण आहे. जे. आर. फर्थ यांनी १९५१ मध्ये अर्थविचारात शब्दसाहचर्याचे महत्त्व प्रतिपादिले. शब्दाचा काही अर्थ त्याच्या नेहमीच्या सोबत्यांत असतो. ‘बॅन’ हे नाम असता त्यापुढे ‘ऑन’ येते, क्रियापद असता येत नाही. मराठीत ‘वर बंदी घातली’ असे म्हटले जात असल्यामुळे विद्यार्थी ‘बॅन्ड ऑन’ लिहून जातो. वाक्य समोर असेल तर ही चूक टळते. उच्चार मात्र कोशातच पाहावा, कारण मथळा केवळ डोळ्यांना शिकवतो. रांग या अर्थी ‘रो’ आणि भांडण या अर्थी ‘राउ’ या दोहोंची अक्षरे एकच आहेत.

मथळे वाचण्याचा उपदेश, त्यामुळे, अर्धाच उपयुक्त आहे. मथळा शब्दाची ओळख करून देतो. तो कोठे वापरावा आणि कोठे वापरू नये, हे खालचा मजकूर सांगतो. जो विद्यार्थी रोज वीस मथळे चाळण्याऐवजी दोन बातम्या शेवटपर्यंत वाचील, त्यास संदर्भग्रंथांची इंग्रजी अधिक लवकर वश होईल.