नांगर उचलणारा पंप

वेद म्हणणाऱ्या रेड्याच्या समाधीमुळें आमचें आळे गांव महाराष्ट्रास ठाऊक आहे. त्याच गांवच्या एका यंत्राची हकीकत आज वाचकांस सांगावयाची आहे.

आमच्या धाकट्या बंधूंनीं घेतलेला मॅसी फर्ग्युसन 1035 ट्रॅक्टर, ते निवर्तल्यावर, पुतण्याकडे आला. गेल्या ज्येष्ठांत तो नांगर उचलीना. उचललाच तर नांगर कीर्तनांतील श्रोत्याप्रमाणें डोलूं लागे, आणि इंजिन बंद करतांच हळूहळू जमिनीस टेके. मृग तोंडावर आलेला. एका कारागिरानें पंप नवाच घाला म्हणून सांगितलें, दुसऱ्यानें ट्रॅक्टर भंगारांत द्या म्हणून. पुतण्या दुसऱ्याकडे झुकला होता. आम्हीं आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

या उचल-यंत्राची कल्पना आयर्लंडांतील हॅरी फर्ग्युसन (1884–1960) यांची. पूर्वीं नांगर ट्रॅक्टरमागें नुसता ओढला जाई. फाळ खडकास अडला कीं ट्रॅक्टर पुढून उचलून चालकावर उलटण्याचें भय असे. फर्ग्युसननीं नांगर तीन दांड्यांनीं ट्रॅक्टरशींच जोडला आणि तेलाच्या दाबानें उचलला. 1946 सालीं कॉव्हेंट्री येथें निघूं लागलेल्या त्यांच्या लहानशा करड्या ट्रॅक्टरचा वंश पुढें, 1960 सालीं मद्रासेंत स्थापन झालेल्या टॅफे कंपनीमार्फत, आपल्या शिवारांत आला.

तत्त्व पास्कलचें. बंदिस्त द्रवावरील दाब सर्व दिशांस सारखा पसरतो. एक चौरस इंचावर दिलेला एक पौंड दहा चौरस इंचांवर दहा पौंड होतो. हें आम्हीं वर्षानुवर्षें फळ्यावर काढून दाखविलें. परंतु फळ्यावरचें तेल कधीं गळत नाहीं!

हा पंप ट्रॅक्टरच्या पोटांत, गिअरांच्याच तेलांत बुडालेला असतो. त्यास चार दट्टे, आणि तेल आंत घेणाऱ्या व बाहेर सोडणाऱ्या झडपा. तेल एकच असल्यामुळें गिअरांची झीज आणि बाहेरची घाण दोन्ही त्याच्यापर्यंत पोंचतात. आमच्या वृद्ध मिस्तरींनीं प्रथम खालचा बोल्ट सोडला, तों तेल ताकासारखें पांढुरकें निघालें. पाणी शिरलें होतें. गिअरच्या दांड्याचें रबर फाटलेलें, आणि मागील पावसाळाभर ट्रॅक्टर उघड्यावर उभा. कारण गोठ्यांत आमच्या पुस्तकांचीं खोकीं होतीं, व तीं हलवूं नयेत असें आम्हींच बजाविलें होतें. हें पुतण्यापाशीं कबूल करावयास आम्हांस दोन दिवस लागले.

बैठक व वरचें जड झाकण कप्पीनें उचललें, मागचा शाफ्ट ओढून घेतला आणि पंप वर काढला. दट्टे धड होते. झडपांच्या बैठकी मात्र गंजानें खवल्या होत्या, आणि तेल वर नेणाऱ्या उभ्या नळीची रबरी कडी लाखेच्या बांगडीसारखी कडक झाली होती. झडपा व कड्या तेवढ्या नव्या घातल्या. पुसण्यास मिस्तरींनीं सुताचा बोळा घेऊं दिला नाहीं. एक तंतु झडपेंत अडकला कीं सारें व्यर्थ. आमच्या एका धोतराचे तुकडे त्या कामीं आले. तेल नवें भरलें, रबर नवें बसविलें.

सायंकाळीं नांगर उचलून इंजिन बंद केलें, आणि फाळाच्या उंचीस आम्हीं भिंतीवर खडूची रेघ ओढली. रात्रीं झोंप अशी लागलीच नाहीं. पहाटे बॅटरी घेऊन पाहिलें: नांगर एका बोटाहूनहि कमी उतरला होता.

मिस्तरी आले, रेघेकडे पाहून म्हणाले, “एवढं चालतंय, मास्तर.”

पुतण्या तोंवर गोठ्यांतलीं खोकीं बाहेर काढूं लागला होता.