गाडीत रस्ता दाखवणारं यंत्र घेताय? आधी एवढं समजून घ्या

ईदला किंवा लग्नाला मुंबई-ठाण्याहून कोकणात गाडी निघाली की घरात एकच प्रश्न असतो, माणगावला किती वेळ अडकणार? म्हणूनच खोक्यावर 'लाइव्ह ट्रॅफिक' लिहिलेलं नेव्हिगेशन यंत्र घ्यायचा विचार अनेक जण करतात. पण रस्ता दाखवणं आणि ट्रॅफिक सांगणं ही दोन वेगळी कामं आहेत. हा फरक कळला की खरेदी सोपी होते.

रस्ता दाखवण्याचं काम जीपीएसवर चालतं. सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांचे सिग्नल यंत्र पकडतं. चार उपग्रह मिळाले की आपण कुठे आहोत ते त्याला कळतं. यासाठी इंटरनेट लागत नाही. नकाशा आधीच यंत्रात भरलेला असेल, तर घाटात रेंज गेली तरी रस्ता दिसत राहतो.

ट्रॅफिक मात्र उपग्रह सांगत नाही. पुढच्या गाड्यांतले फोन कुठे आहेत आणि किती वेगाने सरकतायत, ही माहिती इंटरनेटवरून कंपनीकडे जाते. बरेच फोन रेंगाळले की नकाशावर लाल रेघ दिसते. २०२० साली बर्लिनच्या सायमन वेकर्ट या कलावंताने हातगाडीत ९९ फोन ठेवून ती रस्त्यावरून फिरवल्याचा व्हिडिओ दाखवला होता. रिकामा रस्ता गुगल मॅप्सवर लाल झाला! मतलब साफ आहे: इंटरनेट नसेल तर ताजी खबर नाही. आणि रात्री आडरस्त्यावर, जिथे फोनच कमी, तिथे ही माहिती कच्ची असू शकते.

मग घ्यायचं काय? बहुतेक घरांना हातातला स्मार्टफोन, एक मजबूत स्टँड आणि गाडीतला चार्जर पुरतो. गाडीत अँड्रॉइड ऑटो किंवा ॲपल कारप्ले असेल तर तोच नकाशा मोठ्या स्क्रीनवर येतो. वेगळं यंत्र घ्यायचंच असेल, तर दुकानदाराला हे विचारा:

• ट्रॅफिकची माहिती कशातून येते? यंत्रात सिम आहे की फोनचा हॉटस्पॉट लावावा लागतो?
• त्याचा दर वर्षाचा खर्च किती?
• नकाशा अपडेट फुकट आहे का, आणि किती वर्षं?
• आवाज मराठीत किंवा हिंदीत आहे का? दुकानातच ऐकून बघा.
• भर उन्हात स्क्रीन नीट दिसतो का? बाहेर नेऊन तपासा.

फोन वापरणार असाल तर निघायच्या आदल्या रात्री घरच्या वायफायवर वाटेतला नकाशा डाउनलोड करा. मात्र लक्षात ठेवा, डाउनलोड केलेला नकाशा रस्ता दाखवतो. लाइव्ह ट्रॅफिकसाठी रेंज लागतेच.

शेवटची गोष्ट जिवाची आहे. २०२० पासून लागू झालेल्या नियमानुसार चालकाला हातातलं उपकरण फक्त रस्ता बघण्यापुरतं वापरता येतं, तेही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. म्हणून पत्ता गाडी सुरू करण्याआधी टाका. स्टँड काचेच्या मधोमध नको, समोरचा रस्ता झाकला जाईल असा नको. वाटेत काही बदलायचं असेल तर ते शेजारी बसलेल्याने करावं. यंत्र डावीकडे वळा म्हणालं आणि समोर अरुंद कच्चा रस्ता किंवा पाणी दिसलं, तर थांबा आणि गावातल्या माणसाला विचारा. त्या रस्त्याची खबर त्याच्याइतकी ताजी कुठल्याच स्क्रीनवर नसते.