स्वस्त सीडी आणि आपले कान

मंडळाच्या श्रवणवर्गात गेल्या वेळी आपण आंतोनीन द्वोर्झाकची नववी सिंफनी ऐकली. सीडी नॅक्सॉस कंपनीची, स्वस्तातली. वाद्यवृंद ब्रातिस्लाव्हाचा स्लोव्हाक फिलहार्मोनिक, कंडक्टर स्टीफन गुन्झेनहाउसर. वादन संपताच मतं सुरू झाली. कुणाला ते स्वच्छ आणि सरळ वाटलं, कुणाला व्हायोलिनचा आवाज पातळ वाटला. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, ‘‘स्वस्तात असंच मिळायचं!’’ त्यासरशी पहिल्यांदाच सिंफनी ऐकायला आलेल्या दोघी मुली गप्प झाल्या. त्यांना वादन आवडलं होतं. त्यांच्यासाठी, आणि आपल्या सगळ्यांसाठीच, हे थोडं टिपण.

आधी किमतीबद्दल. क्लाउस हायमन यांनी १९८७ साली हाँगकाँगमध्ये नॅक्सॉस सुरू केली. नामवंत कंपन्यांच्या मानाने त्यांच्या सीडी बऱ्याच स्वस्त असत. प्रसिद्ध कंडक्टर घ्यायचे नाहीत, पूर्व युरोपातल्या वाद्यवृंदांकडून वाजवून घ्यायचं आणि कलावंतांना विक्रीवर रॉयल्टी न देता एकरकमी मानधन द्यायचं, अशी त्यांची रीत होती. म्हणजे बचत झाली ती मुख्यतः नावांवर आणि मानधनावर. आणि वाद्यवृंद तरी कोणता? स्लोव्हाक फिलहार्मोनिकची स्थापना १९४९ची. त्याच्या उभारणीत वाक्लाव तालिख होते, ज्यांनी त्याआधी अनेक वर्षं प्राग इथल्या चेक फिलहार्मोनिकची धुरा वाहिली होती. द्वोर्झाक मूळचा चेक. म्हणजे हे संगीत या वादकांना परकं नव्हतं.

आता मतांबद्दल. आपण ख्याल ऐकतो तेव्हा बंदिश तीच असली तरी विस्तार गायकाचा असतो. सिंफनीत जवळजवळ प्रत्येक स्वर लिहिलेला असतो. मग दोन ध्वनिमुद्रणांत फरक कशाचा? लयीचा, वाद्यांच्या आवाजातल्या तोलाचा, वाक्य कसं फुलवलं याचा. शिवाय मायक्रोफोन आणि सभागृहाचा. म्हणून ‘आवडलं नाही’ म्हणण्याआधी विचारावं: रचना आवडली नाही, वादन आवडलं नाही, की मुद्रण? ‘व्हायोलिन पातळ’ हा कदाचित वादकांचा दोष असेल, कदाचित मुद्रणाचा आणि कदाचित आपल्या हॉलमधल्या स्पीकरचाही!

या सिंफनीत तपासून पाहण्यासारख्या काही जागा आहेत. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला पितळी वाद्यांचे संथ स्वरसमूह येतात. ते सगळे एकदम, न थरथरता उमटतात का? त्यानंतर इंग्लिश हॉर्नची प्रसिद्ध धून. नाव हॉर्न असलं तरी हे वाद्य ओबोच्या, म्हणजे एका अर्थी आपल्या सनईच्या कुळातलं. तिथे वादक श्वास कुठे घेतो ते ऐका. तिसऱ्या भागात ट्रँगलची किणकिण वेगळी कळते का? शेवटच्या भागात झांज अख्ख्या सिंफनीत एकदाच वाजते, आणि तीही हळू. ती सापडते का? अगदी शेवटी फुंकवाद्यांचा स्वर लांबत लांबत विरतो. तो विरेपर्यंत ऐकू आला, तर मुद्रण निदान वाईट नाही.

तुलनेसाठी इश्तवान केर्तेस आणि व्हिएन्ना फिलहार्मोनिक यांचं १९६१चं ध्वनिमुद्रण जरूर ऐकावं. त्याचं नाव मोठं आहे. पण आधी नाव सांगून ऐकवू नये. आधी ऐकवावं, मग सांगावं. पुढच्या बैठकीत आम्ही तसंच करणार आहोत. दोन्ही मुद्रणांतला दुसरा भाग, पाट्या झाकून.

आपल्या गावात पूर्ण सिंफनी वाद्यवृंद प्रत्यक्ष ऐकण्याचा योग क्वचितच येतो. त्यासाठी मुंबई गाठावी लागते, तिथे एन.सी.पी.ए.मध्ये २००६पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. एरवी आपल्यासाठी ध्वनिमुद्रण हीच मैफल. अशा वेळी परवडणारी सीडी म्हणजे दार उघडणं आहे. त्या दारातून आत आलेल्याला किमतीवरून गप्प बसवलं, तर श्रवणवर्ग चालवायचा कुणासाठी?

त्या दोघींना आग्रहाचं आमंत्रण आहे. या वेळी पहिलं मत त्यांचं.