फुप्फुसाचा रोग, यकृताची कसोटी

कोविड-१९ चा विषाणू नाकावाटे शिरतो आणि मुख्यतः फुप्फुसांवर हल्ला चढवतो. मग यकृताच्या रोग्यांना त्याची धास्ती अधिक का?

आपल्या उजव्या बरगड्यांआड सुमारे दीड किलो वजनाचे यकृत असते. ते पित्त तयार करते, हे तुम्हांला ठाऊकच आहे. पण यकृत हा शरीराचा पहारेकरीही आहे. आतड्यांकडून येणारे रक्त यकृतातून जाते, तेव्हा तेथील कुप्फर पेशी त्यातील जंतू गिळून टाकतात. जंतूंशी लढणारी कित्येक प्रथिनेही येथेच बनतात.

दीर्घकाळचे मद्यपान, काविळीचे ब व क विषाणू किंवा साठलेली चरबी यांमुळे यकृतात हळूहळू व्रणाचे तंतू पसरतात. ते कठीण व गाठाळ होते. यालाच सिरॉसिस म्हणतात. अशा यकृताचा पहारा ढिला पडतो.

२०२१ मध्ये २९ देशांतील ७४५ यकृतरुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. या सर्वांना कोरोना विषाणूची लागण झाली होती. त्यांपैकी सिरॉसिस नसलेले शेकडा ८ दगावले, तर सिरॉसिस असलेले शेकडा ३२! सिरॉसिसच्या रुग्णांतही बहुतेक मृत्यू श्वसनक्रिया निकामी झाल्यानेच झाले. घाव बसला फुप्फुसांवर. पण तो सोसण्याचे बळ रोगट यकृतामुळे शरीरात उरले नव्हते.

म्हणूनच अशा रुग्णांना लस आवर्जून घेण्यास सांगितले गेले. ब-काविळीची लस तर जन्मानंतर २४ तासांच्या आत देतात. साथ केव्हा येईल हे सांगता येत नाही. यकृत मात्र आधीपासूनच जपता येते.