हेल्प्स्टन: कुंपणांनी हिरावलेलं कवीचं गाव

ज्यांना हा भाग ऐकता आला नाही, किंवा ऐकताना एखादं नाव निसटलं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लेखी मजकूर.

आज आधी एक काम करा. फोनवर नकाशा उघडा आणि इंग्लंडमधलं हेल्प्स्टन शोधा. पीटरबरो शहराच्या वायव्येला एक चिमुकलं गाव दिसेल. चर्च, दगडी घरं आणि भोवती सरळ कडांची मोठमोठी शेतं. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा म्हटलं, वा! हे खरं जुनं इंग्लंड. नंतर कळलं की या सरळ रेषा जेमतेम दोनशे वर्षांच्या आहेत. आणि त्या आखल्या गेल्या तेव्हा या गावातला एक शेतमजूर आतून तुटला. तो मजूर म्हणजे कवी जॉन क्लेअर.

क्लेअरचा जन्म 13 जुलै 1793 चा. बाप मळणी करणारा मजूर, पण गळा गोड. लोकगीतं त्याला ढीगभर पाठ. आईला अक्षरओळख नव्हती. पोरगा मात्र वाचायला शिकला आणि त्याला वेड लागलं. तेराएक वर्षांचा असताना त्याने जवळच्या स्टॅमफर्ड गावातून जेम्स थॉमसनचा ऋतूंवरचा काव्यग्रंथ विकत घेतला. घरी पोचेपर्यंत दम निघेना, म्हणून वाटेतल्या बर्ली हाउसच्या बागेची भिंत चढून आत गेला आणि तिथेच वाचत बसला. आपण नवा एपिसोड आला की बसस्टॉपवरच ऐकायला लागतो ना, तसंच!

आता त्या सरळ रेषांची गोष्ट. पूर्वी हेल्प्स्टनभोवती मोठी मोकळी वावरं होती. एकाच वावरात अनेक शेतकऱ्यांच्या पट्ट्या विखुरलेल्या असायच्या. त्यापलीकडे माळ आणि पडीक जमीन. तिथं गुरं चारायची, सरपण गोळा करायचं, पोरांनी हुंदडायचं. आपल्या भाषेत गायरानच म्हणा. गरिबाच्या नावावर तुकडा नसला तरी त्याची गाय जगायची.

1809 मध्ये ब्रिटिश संसदेने हेल्प्स्टन आणि शेजारच्या गावांसाठी कायदा केला. जमीन मोजायची, तिची नव्याने वाटणी करायची आणि ज्याच्या त्याच्या वाट्याला कुंपण घालायचं. शेती सुधारेल, उत्पन्न वाढेल, असा युक्तिवाद होता. तो अगदीच खोटा होता असंही नाही. पण वाटणी झाली ती हक्क सिद्ध करू शकणाऱ्यांमध्ये. ज्याच्याकडे कागद नव्हता, त्याच्या हाती फारसं काही लागलं नाही. माळ संपला, वाटा बंद झाल्या, ओळखीची झाडं तोडली गेली. हे काम पूर्ण व्हायला 1820 उजाडलं.

मला सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं. क्लेअरने स्वतः या कुंपणांच्या कामावर मजुरी केली होती. पोट होतं ना! ज्या माळावर तो वाढला, तो बंद करण्याचे पैसे त्यालाच घ्यावे लागले.

त्याच 1820 साली त्याचं पहिलं पुस्तक आलं. प्रकाशक जॉन टेलर, कीट्सचं पुस्तक काढणारा. मुखपृष्ठावर कवीची ओळख छापली होती, ‘नॉर्थॅम्प्टनशायरचा शेतकरी’. वर्षभरात चार आवृत्त्या निघाल्या! लंडनचे बडे लोक त्याला भेटायला बोलवू लागले. पण कौतुकाला अटी होत्या. गावावरच्या कवितेत त्याने संपत्तीला शाप दिला होता. एका उमराव आश्रयदात्याला ते खटकलं आणि पुढच्या आवृत्तीत त्या ओळी गाळल्या गेल्या. त्याचं स्पेलिंग, विरामचिन्हं, गावरान शब्द यांवरही संपादकाचा हात फिरायचा. गोगलगाईच्या शंखाला तो ‘पूटी’ म्हणायचा, गावात म्हणत तसं. कुंपण फक्त जमिनीलाच पडलं नव्हतं, बघा.

तरी तो लिहीत राहिला. गावाजवळ स्वॉर्डी वेल नावाची जुनी दगडाची खाण होती. एका कवितेत त्याने चक्क त्या जागेलाच बोलायला लावलं. आपली कशी लूट झाली हे ती जमीन स्वतः सांगते. कुंपणांवरची त्याची सगळ्यात धारदार कविता मात्र त्याच्या हयातीत छापलीच गेली नाही.

1832 मध्ये तो कुटुंबासह नॉर्थबरोला राहायला गेला. अंतर फक्त तीन मैल. आपण म्हणू, एवढ्यात काय झालं? पण ज्याला प्रत्येक घरटं माहीत होतं, त्याला ते परकं मुलूख वाटलं. मन ढासळत गेलं. 1837 मध्ये त्याला लंडनजवळच्या मनोरुग्णालयात ठेवलं.

जुलै 1841 मध्ये तो तिथून निघाला आणि चालत घरी आला. सुमारे 80 मैल, म्हणजे जवळपास 130 किलोमीटर, चार दिवसांत. खिशात पैसे नाहीत. भूक लागली तर रस्त्याकडेचं गवत खाल्लं. रात्री झोपताना डोकं उत्तरेकडे ठेवायचा, म्हणजे सकाळी दिशा चुकायला नको. बालपणीची प्रेयसी मेरी जॉइस भेटेल, या आशेवर तो चालला होता. ती तीन वर्षांपूर्वीच वारली होती. लोकांनी सांगूनही त्याला ते पटलं नाही.

डिसेंबरमध्ये त्याला पुन्हा मनोरुग्णालयात नेलं, या वेळी नॉर्थॅम्प्टनला. 20 मे 1864 रोजी तो तिथेच गेला. दफन मात्र हेल्प्स्टनच्या चर्चच्या आवारात झालं. शेवटी गावानं त्याला परत घेतलं.

आज त्याचं घर एका न्यासाने जपलं आहे. स्वॉर्डी वेलवर मधल्या काळात चक्क कचरा टाकला जायचा. आता तिथं निसर्ग राखीव क्षेत्र आहे. आणि दर जुलैत, त्याच्या वाढदिवसाच्या सुमारास, शाळेतली मुलं त्याच्या थडग्याभोवती रानफुलं खोचलेले हिरवळीचे छोटे तुकडे मांडतात. ही गावाची जुनी प्रथा. क्लेअरला आपल्या एका पुस्तकाला तिचंच नाव द्यायचं होतं. त्या नावाने ते पुस्तक निघायला 1979 उजाडलं.

तुमच्या ओळखीची एखादी वाट, माळ किंवा ओढा आता बंद झालाय का? त्याचं गावातलं नाव काय होतं? व्हॉइस नोट पाठवा, आपल्या बोलीतच पाठवा. मी एकही शब्द बदलणार नाही. भेटू पुढच्या भागात!