नेवासे : ग्रंथातील क्षेत्र आणि नदीकाठचे गाव

ज्ञानेश्वरीचे रचनास्थान म्हणून अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील प्रवराकाठच्या नेवाशाचे नाव मराठी वाङ्मयेतिहासात रूढ आहे. तेथे जाणाऱ्या अभ्यासकाने एक प्रश्न सोबत न्यावयास हवा : ग्रंथ स्वतः आपल्या स्थळाविषयी काय सांगतो? प्रस्तुत लेखात त्याचा विचार करावयाचा आहे.

अठराव्या अध्यायात पसायदानानंतर येणाऱ्या ओव्यांत यादव राजा रामचंद्र, शके १२१२ (इ. स. १२९०) आणि लेखक सच्चिदानंदबाबा यांचा निर्देश आहे. स्थळाच्या खुणा तीन : गोदावरीचा दक्षिण तीर, पंचक्रोश क्षेत्र आणि महालया. नेवासे हे ग्रामनाम तेथे नाही, प्रवरेचेही नाही.

ही विसंगती मानण्याचे कारण दिसत नाही. प्रवरा पुढे प्रवरासंगम येथे गोदावरीस मिळते आणि नेवासे गोदावरीच्या दक्षिणेसच वसले आहे. धर्मकृत्याच्या संकल्पातही यजमान आपले स्थान गोदावरीच्या दक्षिण अथवा उत्तर तीरावरून सांगतो. गावालगतच्या लहान नदीचे नाव त्यासाठी आवश्यक नसते. ज्ञानदेवांची स्थलोक्ती याच परिभाषेतील आहे. 'पंचक्रोश' ही संज्ञाही गावाची शीव दाखवीत नाही, तर दैवताच्या अधिष्ठानाभोवतीचा पवित्र परिसर सुचविते. हे दैवत म्हणजे नेवाशाचा मोहिनीराज, असे परंपरा मानते. स्थलनिश्चितीचा खरा दुवा हाच होय. मोहिनीराजाचे विद्यमान मंदिर मात्र पेशवेकालीन आहे.

ज्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी गीतार्थ सांगितला असे वारकरी मानतात, तो पैस खांब आज भाविकांच्या श्रद्धेचे केंद्र आहे. त्यावरील संस्कृत शिलालेखाचा विषय मात्र वेगळा आहे. करवीरेश्वराच्या दिव्याला तेल मिळावे म्हणून दिलेल्या दानाची ती नोंद आहे. म्हणजे हा खांब मुळात एका शिवालयाचा. ज्ञानदेवांशी असलेले त्याचे नाते परंपरेने जपले आहे. डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली १९५४ ते १९५६ या काळात येथे उत्खनन झाले. त्याचा अहवाल १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. अश्मयुगीन हत्यारे, ताम्रपाषाणयुगीन वस्ती आणि सातवाहनकालीन अवशेष यांमुळे या वस्तीची प्राचीनता सिद्ध झाली. ग्रंथाच्या रचनास्थानाचा निर्णय हा त्या साधनांचा विषय नव्हे.

तात्पर्य, ओवी, शिलालेख, उत्खनन आणि लोकपरंपरा ही चार स्वतंत्र साधने आहेत. एकाचे काम दुसऱ्यावर सोपविल्यास श्रद्धा आणि संशोधन या दोहोंवरही अन्याय होतो. विद्यार्थ्यांना नेवाशास नेणाऱ्या अध्यापकाने म्हणूनच मोहिनीराज व पैस खांब यांच्याबरोबर प्रवरासंगमही दाखवावा. गोदावरीच्या तीरावर त्या ओव्या वाचल्या, तर कवीने आपल्या भूमीची ओळख कोणत्या नदीवरून दिली हे विद्यार्थ्यांस तेथेच उमगेल.